पार्मा २०१५: सेरी बीची जागा विकत घ्यायची, की चौथ्या श्रेणीतून सुरुवात करायची?

१९ मार्च २०१५ रोजी इटलीतल्या पार्मा शहरातल्या न्यायालयाने पार्मा एफसी ही फुटबॉल क्लब चालवणारी कंपनी दिवाळखोर ठरवली. एकूण देणी २१.८ कोटी युरो, त्यातले ६.३ कोटी नुसते थकलेले पगार. संघ त्या दिवशी इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत, सेरी आमध्ये, तळाला होता. तीन वर्षं दोन महिन्यांनी, १८ मे २०१८ ला, त्याच शहराचा आणि त्याच मैदानावर खेळणारा, पण कागदोपत्री पूर्ण नवा क्लब चौथ्या श्रेणीपासून चढत पुन्हा सेरी आमध्ये पोचला.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा कर्णधाराची निष्ठा आणि प्रेक्षकांचं प्रेम इथेच थांबते. दोन्ही खरं आहे. पण कलाटणी मिळाली ती एका हिशेबाच्या प्रश्नावर: जुन्या क्लबची दुसऱ्या श्रेणीतली, म्हणजे सेरी बीमधली, जागा देण्यांसकट घ्यायची, की ती हातची जाऊ देऊन बिनकर्जाने खालून सुरुवात करायची. इथे भर त्या निर्णयावर आहे, आणि त्याच्या आधी हुकलेल्या तीन-चार संधींवर. नावं फक्त सार्वजनिक पदावरच्या किंवा गाजलेल्या व्यक्तींची दिली आहेत. कर्मचारी, पुरवठादार आणि इतर धनको यांची दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

पार्मा हे एमिलिया भागातलं जेमतेम दोन लाख वस्तीचं शहर. चीज, हॅम, पास्ता आणि ऑपेरा यांसाठी ओळखलं जाणारं. क्लब जुलै १९१३ मध्ये सुरू झाला. जुझेप्पे व्हेर्दी या संगीतकाराची ती जन्मशताब्दी होती, म्हणून पहिलं नाव ‘व्हेर्दी फुटबॉल क्लब’. वर्ष संपायच्या आत ते बदलून पार्मा झालं. पांढऱ्या जर्सीवरचा काळा क्रूस तेव्हापासूनचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस क्लब एकदा दिवाळखोरीत जाऊन दुसऱ्या स्थानिक संघाच्या रूपाने पुन्हा उभा राहिला होता, म्हणजे २०१५ ची वेळ काही पहिलीच नव्हती.

सेरी आमध्ये पार्मा पहिल्यांदा पोचला १९९० साली, नेव्हिओ स्काला यांच्या प्रशिक्षणाखाली. त्याच वर्षी जुने अध्यक्ष वारले आणि कोल्लेक्कियो या शेजारच्या गावात मुख्यालय असलेल्या पार्मालात या दूध कंपनीने बहुमताचे भाग घेतले. पुढच्या दहा-बारा वर्षांत या लहान शहराने जिंकलेलं बघा: तीन इटालियन चषक, १९९३ चा कप विनर्स कप, युरोपियन सुपर कप, १९९५ आणि १९९९ चे युएफा कप, इटालियन सुपर कप. १९९६-९७ मध्ये लीगचं विजेतेपद युव्हेंतुसपेक्षा फक्त दोन गुणांनी हुकलं. बुफों, कान्नावारो, थुराम, क्रेस्पो, व्हेरॉन हे सगळे इथलेच.

हे सगळं तिकीटविक्रीवर चाललेलं नव्हतं. तार्दिनी हे क्लबचं मैदान लहानच. त्यातून असे पगार निघणं शक्यच नव्हतं. उरलेलं खिंडार पार्मालात बुजवत होती. डिसेंबर २००३ मध्ये पार्मालातच्या ताळेबंदातलं सुमारे १४ अब्ज युरोंचं भगदाड उघडं पडलं आणि क्लबही सरकारी प्रशासनाखाली गेला. तारे विकले गेले, खर्च कापला गेला, तरी सेरी आतली जागा टिकली. जानेवारी २००७ मध्ये लोम्बार्दीचे उद्योजक तोमासो गिरार्दी यांनी क्लब घेतला. २००८ मध्ये घसरण, २००९ मध्ये पुनरागमन, आणि नंतर पाच वर्षं बरी गेली. निदान बाहेरून तरी.

अडचण कशी साठत गेली

२०१३-१४ च्या मोसमात रोबेर्तो दोनादोनी यांच्या संघाने सलग १७ सामने न हरता सहावा क्रमांक मिळवला. म्हणजे युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेचं तिकीट. पण मे २०१४ मध्ये युरोपीय स्पर्धांसाठीचा परवाना नाकारला गेला. कारण: इतर क्लबांकडे उसने दिलेल्या काही खेळाडूंना केलेल्या रकमांवरचा आयकर ठरलेल्या मुदतीत भरला नव्हता. रक्कम सुमारे ३ लाख युरो. क्लबचा बचाव असा की त्या रकमा पगार नव्हत्या, उचल होती. तो मान्य झाला नाही. जागा तोरिनोला गेली आणि गिरार्दींनी आपण बाहेर पडणार असल्याचं जाहीर केलं.

सेरी आतल्या क्लबला ३ लाख ही किरकोळ रक्कम. खरा प्रश्न वेगळा होता: इतक्या खेळाडूंना उसनं देऊन पुन्हा त्यांना आपणच पैसे का द्यावे लागत होते?

इथे खेळाडूंच्या अदलाबदलीचं हिशेबी तंत्र समजून घ्यावं लागतं. समजा, दोन क्लबांकडे स्वतःच्या अकादमीत घडलेला एकेक पोरगा आहे. घरचाच असल्याने त्याची वहीतली किंमत शून्य. दोघे एकमेकांना आपापला खेळाडू ५० लाख युरोंना विकतात. रोख काहीच हलत नाही, रक्कम परस्पर वळती होते. तरीही दोन्ही ताळेबंदांत त्या वर्षी ५० लाखांचा नफा उमटतो. घेतलेल्या खेळाडूची किंमत मात्र पाच वर्षांच्या करारावर विभागली जाते, वर्षाला १० लाख. म्हणजे पहिल्या वर्षी निव्वळ ४० लाख नफा आणि पुढची चार वर्षं दरवर्षी १० लाख तोटा. तो झाकायचा तर पुढच्या वर्षी आणखी अदलाबदली हव्यात, आदल्यापेक्षा जास्त. शिवाय दर व्यवहारामागे एक खराखुरा पगार उरतो, आणि तो वहीत वळता करून भागत नाही, रोखच द्यावा लागतो.

ही पद्धत पार्माने शोधली नव्हती. अनेक इटालियन क्लब ती वापरत. पार्माचं वेगळेपण संख्येत होतं. करारबद्ध खेळाडूंचा आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. मैदानात अकरा, बाकावर काही, उरलेले खालच्या श्रेणीत आणि परदेशात विखुरलेले. त्यातल्या कित्येकांच्या पगाराचा काही भाग पार्माच्या बोकांडी. नफा कागदावर आणि पगार रोखीत, असं चक्र संघाला युरोपा लीगचं उत्पन्न मिळेल या भरवशावर फिरत होतं. ते उत्पन्न गेलं आणि चक्र थांबलं.

२०१४-१५ च्या मोसमात खेळाडूंना जवळजवळ काहीच पगार मिळाला नाही. डिसेंबरमध्ये गिरार्दींनी क्लब सायप्रसमध्ये नोंदलेल्या एका कंपनीला विकला. तिच्यामागे अल्बेनियाचे तेलव्यावसायिक रेझार्त ताची होते. दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१५ मध्ये, तोच क्लब जामपिएत्रो मानेन्ती यांच्या हाती गेला. किंमत: एक युरो. पैसे परदेशातून वळते झाले आहेत, उद्या येतील, परवा येतील, असं मानेन्ती सांगत राहिले. आले नाहीत. १८ मार्चला मनी लाँडरिंगच्या एका वेगळ्या तपासात त्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी दिवाळखोरीचा निकाल आला.

मधल्या काळात २२ फेब्रुवारीचा उदिनेसेविरुद्धचा घरचा सामना पुढे ढकलावा लागला, कारण सुरक्षारक्षक आणि मैदानाची व्यवस्था यांना द्यायला पैसे नव्हते. पुढच्या आठवड्याचा जेनोआचा सामनाही झाला नाही. क्लबच्या गाड्या जप्त झाल्या, ड्रेसिंग रूममधली बाकंसुद्धा गेली. प्रेक्षकांनी मैदानाच्या फाटकावर फलक लावला: ‘दरोड्यामुळे बंद’.

पहिला निर्णय: मोसम पुरा करायचा की नाही

न्यायालयाने नेमलेल्या दोन अवसायकांपुढे, म्हणजे दिवाळखोर कंपनीचा कारभार पाहणाऱ्यांपुढे, पहिलाच प्रश्न हा होता. थांबलं तर इटलीचा फुटबॉल महासंघ संलग्नता काढून घेणार, सगळे खेळाडू मोकळे होणार, उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना ३-० ने बहाल होणार आणि विकण्याजोगं काही राहणारच नाही. कारण इटलीत दिवाळखोर क्लबची खरी मालमत्ता ना मैदान असते ना कप. तार्दिनी तर नगरपालिकेचं. मालमत्ता असते ती विशिष्ट श्रेणीत खेळण्याचा हक्क. तो जिवंत ठेवायचा तर खेळत राहावं लागतं, आणि खेळायला रोज पैसे लागतात: प्रवास, हॉटेल, धुलाई, डॉक्टर, वीज.

हा पेच लीगने सोडवला. मार्चच्या सुरुवातीला सेरी आच्या क्लबांनी मोसम पुरा करण्यासाठी ५० लाख युरो द्यायचं ठरवलं. ही निव्वळ दया नव्हती. पार्मा मध्येच बंद पडला असता तर गुणतक्त्यात गोंधळ झाला असता आणि दूरचित्रवाणी हक्क घेणाऱ्यांना उत्तर लीगलाच द्यावं लागलं असतं. त्या भांडवलावर न्यायालयाने ‘तात्पुरता व्यवहार’ चालू ठेवायला परवानगी दिली.

खेळाडूंनीही साथ दिली. ११ एप्रिलला, कित्येक महिन्यांचे पगार थकलेले असताना, त्या वर्षीच्या विजेत्या आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोचलेल्या युव्हेंतुसला पार्माने १-० ने हरवलं. गोल जोसे माउरीचा. तरी वेळेवर पगार न दिल्याबद्दल एकूण ७ गुण कापले गेले आणि संघ १९ गुणांसह शेवटचा राहिला. ते सात गुण मिळाले असते तरीही घसरण टळली नसती, हेही लक्षात ठेवावं.

समोरचे पर्याय

मेपासून प्रश्न एवढाच होता की पुढच्या मोसमात पार्मा कुठे खेळणार.

पहिला पर्याय म्हणजे सेरी बी. महासंघाच्या नियमानुसार दिवाळखोर क्लबचा खेळण्याचा हक्क नवी कंपनी घेऊ शकते, पण तिने खेळाशी निगडित सगळी देणी उचलायला हवीत: खेळाडू, प्रशिक्षक, कर्मचारी आणि इतर क्लब. बँका, पुरवठादार, कर वगैरे जुन्या कंपनीच्या दिवाळखोरीतच राहतात. निगडित देण्यांचा हा आकडा सुमारे ७.४ कोटी युरोंचा होता. त्या रकमेला कुणी हात लावणार नाही हे उघड होतं, म्हणून अवसायकांनी खेळाडूंशी एकेक करून बोलणी केली. खेळाडूंनी आपल्या हक्काच्या पगारातला मोठा वाटा सोडला आणि जूनमध्ये तो आकडा सुमारे २.२६ कोटींवर आला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं काम हेच.

शेवटी दोन जण उरले: उद्योजक जुझेप्पे कोर्रादो आणि अमेरिकेचा माजी बेसबॉलपटू माइक पियाझ्झा. २२ जून ही मुदत होती. दोघांपैकी एकानेही बोली भरली नाही.

त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. २.२६ कोटी ही नुसती प्रवेश फी. त्यावर हक्काची किंमत, सेरी बीच्या नोंदणीसाठीची बँक हमी, पहिल्या वर्षाचे पगार, आणि अजून चालू असलेले करार. बदल्यात घसरलेल्या क्लबला लीगकडून मिळणारी मदत आणि सेरी बीचं माफक उत्पन्न. बोलणी जूनच्या मध्यापर्यंत लांबल्याने कागद तपासायला हाती उरले मोजके दिवस. दोनशे करारांचा ढीग तेवढ्या वेळात चाळून सही करणं म्हणजे झाकलेल्या पोत्याचा सौदा. (पुढे दोघांनी दुसरे क्लब घेतले. पियाझ्झाचा रेज्जाना २०१८ मध्ये बंद पडला. कोर्रादो ज्या पिसाचे अध्यक्ष झाले तो क्लब २०२५ मध्ये सेरी आमध्ये पोचला. माणूस तोच, पार्मात थांबला आणि पिसात उतरला. फरक हाती मिळालेल्या कागदांचा आणि वेळेचा.)

दुसरा पर्याय सेरी डी, म्हणजे चौथी श्रेणी, जी अधिकृतपणे हौशी आहे. महासंघाच्या नियमावलीतल्या कलम ५२ नुसार शहराचा क्लब बुडाला तर नव्या कंपनीला, महासंघाकडे ठरावीक रक्कम भरून, सेरी डीमध्ये जादा संघ म्हणून घेता येतं. जुनं एकही देणं नाही. पण खेळाडू शून्य, उत्पन्न जवळपास शून्य, आणि सेरी आत परतायला सगळं सुरळीत झालं तरी तीन मोसम.

यांच्या मध्ये पूर्वी एक तिसरा रस्ता असायचा. इतिहास असलेल्या शहराच्या बुडालेल्या क्लबला फक्त एक श्रेणी खाली ठेवणारा नियम २००४ पासून होता, पण २०१४ मध्येच तो रद्द झाला. तो असता तर पार्माने तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली असती. २००२ मध्ये बुडालेल्या फिओरेंतीनाला चौथ्या श्रेणीतून एका वर्षातच दुसऱ्या श्रेणीत बसवलं गेलं होतं. पार्माच्या वाट्याला अशी कुठलीही सवलत नव्हती. चढायचं तर प्रत्येक पायरी खेळून.

काय केलं गेलं

जुलै २०१५ मध्ये ‘पार्मा काल्चो १९१३’ या नावाने नवी संस्था उभी राहिली. तिच्यामागे ‘नुओव्हो इनित्सिओ’, म्हणजे नवी सुरुवात, नावाची सात स्थानिक उद्योजकांची कंपनी होती. पास्तावाले ग्विदो बारिल्ला, शर्यतीच्या गाड्या बनवणारे जान पाओलो दाल्लारा, बांधकामातले पाओलो पिझ्झारोत्ती हे त्यांतले तिघे. शिवाय प्रेक्षकांना भाग घेता यावेत म्हणून एक वेगळी कंपनी काढली आणि तिला क्लबमध्ये वाटा दिला. सात जण असण्याचा अर्थ व्यवहारात असा, की एकाचा धंदा बसला तर क्लब बसत नाही. पार्मालात आणि गिरार्दी या दोन्ही अनुभवांना दिलेलं हे थेट उत्तर होतं.

अध्यक्षपदी नेव्हिओ स्काला, प्रशिक्षक लुइजी अपोल्लोनी, तांत्रिक संचालक लोरेन्झो मिनोत्ती. तिघेही नव्वदच्या दशकातले. टीकाकारांना हे स्मरणरंजन वाटलं. पण सेरी डीत क्लबला पहिल्या वर्षी लागणारी सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे विश्वास, आणि ती या तीन नावांनी मिळवून दिली. नऊ हजारांहून जास्त हंगामी तिकिटं खपली. चौथ्या श्रेणीतला आधीचा विक्रम याच्या निम्म्याहूनही कमी होता. जुन्या संघातून एकटा कर्णधार अलेस्सांद्रो लुकारेल्ली थांबला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सेरी आमधून थेट चौथ्या श्रेणीत.

सेरी डीचे दोन नियम संघबांधणी ठरवतात. पहिला, तेव्हा मैदानावर कायम किमान चार ठरावीक वयाखालचे खेळाडू लागत. त्यामुळे नावाजलेले अकरा अनुभवी गोळा करून उपयोग नव्हता, चांगले एकोणीस-वीस वर्षांचे चार शोधावे लागत, आणि त्यांतला एक जखमी झाला तर बदली खेळाडूही त्याच वयाचा लागे. दुसरा, फक्त गटविजेता वर जातो. दुसऱ्या क्रमांकाला हमी नसते. म्हणजे एक वर्ष हुकलं की सगळा आराखडा वर्षभर मागे. पार्माने ३८ सामन्यांत २८ जिंकले, १० बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही, ९४ गुण. तीन सामने शिल्लक असतानाच काम फत्ते.

दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या श्रेणीत, पहिला मोठा खडा लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पादोव्हाकडून घरच्या मैदानावर १-४ असा पराभव झाल्यावर मालकांनी अपोल्लोनी आणि मिनोत्ती यांना काढलं. स्काला यांनीही पद सोडलं. हा निर्णय कडू होता, कारण सव्वा वर्षापूर्वी याच नावांवर तिकिटं विकली होती. पण ज्या कारणासाठी त्यांना आणलं ते काम झालं होतं, आणि पुढची श्रेणी व्यावसायिक होती: तिथे खेळाडूंचा बाजार, आकडेवारी आणि करार यांत रुळलेला माणूस लागतो. डिसेंबरमध्ये क्रीडा संचालक म्हणून दानिएले फाज्जानो आणि प्रशिक्षक म्हणून रोबेर्तो द'अव्हेर्सा आले. जानेवारीच्या बाजाराआधी हा बदल झाला, ही त्यातली कळीची बाब; फेब्रुवारीत केला असता तर नव्या माणसांना जुन्याच संघावर भागवावं लागलं असतं.

गट व्हेनेत्सियाने जिंकला. तिसऱ्या श्रेणीतून तीन गटविजेते थेट वर जात आणि उरलेली एक जागा २८ संघांच्या बाद फेरीतून ठरे. १७ जून २०१७ ला फ्लोरेन्समध्ये पार्माने अलेस्सांद्रियाला २-० ने हरवून ती मिळवली.

याच सुमारास मालकीत मोठा बदल झाला. चिनी उद्योजक ज्यांग लीझांग यांच्याकडे ६० टक्के, नुओव्हो इनित्सिओकडे ३० आणि प्रेक्षकांच्या कंपनीकडे १० टक्के अशी नवी रचना ठरली. सेरी बीचा खर्च सात स्थानिकांना झेपणारा नव्हता, हे त्यामागचं साधं कारण. म्हणजे ज्या एकछत्री मालकीपासून पळ काढला होता, तिच्याकडेच दोन वर्षांत परत जावं लागलं. फरक एवढाच, की या वेळी जुने भागधारक आत राहिले.

२०१७-१८ च्या शेवटच्या दिवशी सेरी बीतली दुसरी जागा फ्रोजिनोनेकडे जाणार असं चित्र होतं. पार्माने स्पेत्सियात २-० ने जिंकलं; तिकडे फोज्जाने ८९व्या मिनिटाला फ्रोजिनोनेशी २-२ अशी बरोबरी साधली. दोघांचे ७२ गुण झाले आणि आपसांतल्या सामन्यांच्या निकालावर पार्मा वर गेला. सेरी डीपासून सेरी आपर्यंत सलग तीन बढत्या मिळवणारा हा पहिला इटालियन क्लब.

निष्पत्ती

उन्हाळ्यात सगळं हातचं जायची वेळ आली. त्या शेवटच्या सामन्याआधी पार्माचा आघाडीचा खेळाडू एमानुएले कालायो याने स्पेत्सियाच्या खेळाडूंना मोबाइलवर संदेश पाठवले होते. जुलै २०१८ मध्ये पुढच्या मोसमासाठी ५ गुणांची कपात आणि कालायोवर दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. अपिलात गुणकपात रद्द होऊन क्लबला २० हजार युरो दंड झाला आणि बंदी वर्षअखेरीपर्यंत आली. तीन वर्षांची मेहनत एका फोनवरच्या दोन-चार ओळींवर टांगली गेली होती. क्लब उभारताना शिस्तपालनाचे नियम खेळाडूंना लेखी समजावून देणं ही औपचारिकता नव्हे, हे यातून दिसतं.

लुकारेल्ली त्याच वर्षी निवृत्त झाला आणि ६ क्रमांकाची जर्सी क्लबने कायमची राखून ठेवली. ऑक्टोबर २०१८ मध्ये, ज्यांग यांच्याकडून ठरलेली आर्थिक बंधनं पाळली न गेल्याने, नुओव्हो इनित्सिओने बहुमत परत घेतलं. संघ २०१८-१९ मध्ये चौदावा आणि पुढच्या वर्षी अकरावा आला. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या क्राउस समूहाने ९० टक्के भाग घेतले. २०२१ मध्ये २० गुणांसह घसरण, २०२४ मध्ये सेरी बीचं विजेतेपद आणि पुन्हा सेरी आ.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी हुकलेली संधी मे २०१४ ची. परवाना ३ लाखांच्या करावरून नाकारला गेला तेव्हा महासंघाला कळलं होतं की क्लबच्या उसन्या खेळाडूंचे व्यवहार नीट नोंदलेले नाहीत. पण त्याच क्लबला त्याच उन्हाळ्यात देशांतर्गत लीगची नोंदणी मिळाली. युरोपसाठी अपात्र आणि घरच्यासाठी पात्र, ही विसंगती तिथेच थांबवून बाहेरचा हिशेबतपासनीस बसवला असता तर देणी निदान एका मोसमाच्या पगारांनी कमी राहिली असती.

दुसरी चूक लीगची. डिसेंबर आणि फेब्रुवारी, दोन्ही वेळा क्लब विकला गेला तेव्हा घेणाऱ्याकडे पैसे आहेत का, हे विचारायची सक्ती कुणावरच नव्हती. २०१५ मध्येच महासंघाने नियम केला: मोठा हिस्सा घेणाऱ्याने बँकेचं पत्र आणि स्वतःची पार्श्वभूमी दाखवायची. वरातीमागून घोडं, पण आलं.

खेळाडूंनीही उशीर केला असं म्हणता येईल. थकबाकीची नोटीस देऊन करार मोडायचा मार्ग हिवाळ्यातच मोकळा होता. एक-दोघांनी तो घेतलाही. सगळ्यांनी मिळून जानेवारीत तेच केलं असतं तर न्यायालयापर्यंत प्रकरण लवकर गेलं असतं आणि एक युरोची विक्री कदाचित झालीच नसती. मात्र मोसमाच्या मध्यावर नवा क्लब शोधायला लावणं हा सल्ला बाहेरून द्यायला सोपा आहे, तिशी ओलांडलेल्या खेळाडूला तो पाळणं तितकं सोपं नाही.

अवसायकांच्या बाबतीत एकच मुद्दा, पण वजनदार. देणी कमी करण्याची बोलणी आणि खरेदीदार शोधणं एकामागून एक चाललं. दोन्ही एप्रिलपासून समांतर चालवून करारांची पूर्ण यादी इच्छुकांना आधीच दिली असती, तर २२ जूनला बोली आली असती का? शक्यता होती. पण तसं झालं असतं तर नवा मालक २.२६ कोटींचं ओझं आणि उरलेले करार घेऊन सेरी बीत उतरला असता. सेरी डीच्या मार्गाने क्लबला दोन मोसम जास्त लागले, मात्र जुन्या देण्यांतलं काहीच डोक्यावर आलं नाही. माझा कल दुसऱ्याकडे झुकतो, एका अटीवर: शहरात निदान पाच-सात लोक खिशात हात घालायला तयार हवेत. पियाझ्झाच्या रेज्जानासारख्या ठिकाणी एकाच माणसावर सगळं अवलंबून होतं.

२०१७ च्या विक्रीबाबत, ६० टक्के एकाच हाती देणं टाळता आलं असतं असं वाटत नाही. सेरी बीचे पगार कुणीतरी द्यायचेच होते. जपण्यासारखं आहे ते हे, की ३० टक्के आत ठेवलेल्या जुन्या भागधारकांना ऑक्टोबर २०१८ मध्ये बहुमत परत घेता आलं, आणि त्यासाठी क्लबला पुन्हा दिवाळखोरी न्यायालयात जावं लागलं नाही. बाहेरचा गुंतवणूकदार घेणाऱ्या कुठल्याही क्लबने करारात बहुमत परत घेण्याची मुभा देणारं कलम आधी लिहून घ्यावं आणि किंमत नंतर ठरवावी.

या मार्गाची किंमत कुणी मोजली, हे मात्र या यशोगाथेत क्वचितच येतं. सेरी बीची जागा सुटली आणि तिच्यासोबत खेळाशी निगडित देणी नव्या मालकाने फेडण्याची सोयही गेली. हक्काच्या रकमेतला मोठा वाटा सोडायला तयार झालेले खेळाडू, धोबी, केटरर, बसवाले, छोटे पुरवठादार हे सगळे जुन्या कंपनीच्या धनकोंच्या यादीत राहिले, बँका आणि करखात्याच्या सोबतीने. नव्या पार्मावर त्यांच्या देण्यांची कायदेशीर जबाबदारी कधीच आली नाही.